लुगड्याआधीचं सूत



आम्ही कुही तालुक्यात बचत गटांचं काम पाहणाऱ्या सहयोगिनी. एरवी रेडिओवर आम्ही कर्जाचे हप्ते, बँकेची कागदपत्रं आणि गटाच्या बैठकीचं रजिस्टर यांच्याबद्दल बोलतो. आज मात्र थोडा इतिहास सांगणार आहोत. घाबरू नका, राजे आणि लढाया यात नाहीत. लुगडं आहे, चरखा आहे, आणि शेवटी आपल्याच गटाचा एक हिशोब आहे.

मागच्या हिवाळ्यात धानाची कापणी उरकली आणि आम्ही बावीस जणी वर्ध्याला जाऊन आलो. कुहीहून नागपूर, नागपूरहून वर्धा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे घरून फार विरोध झाला नाही. पाहायचं होतं मगन संग्रहालय. आमचा गट गोधड्या शिवतो. जुन्या काळचे कपडे, जुने उद्योग एकदा डोळ्यांनी पाहून येऊ, एखादा नवा नमुना सुचेल, एवढाच विचार होता.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला नागपूरचा अजब बंगला आठवतो. काचेच्या कपाटात वस्तू, आणि हात लावू नका अशी पाटी. मगन संग्रहालयाची गोष्ट वेगळी आहे. ३० डिसेंबर १९३८ ला महात्मा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. नाव दिलं मगनलाल गांधींचं. मगनलाल हे गांधीजींचे पुतणे. साबरमती आश्रमाचा कारभार त्यांनी सांभाळला, कातण्या-विणण्याचं शास्त्र स्वतः शिकून दुसऱ्यांना शिकवलं. १९२८ साली पाटण्याला ते वारले. त्यांची आठवण म्हणून जमनालाल बजाजांनी ग्रामोद्योगासाठी दिलेल्या जागेला मगनवाडी हे नाव पडलं आणि पुढे संग्रहालयालाही.

ही जागा जुन्या वस्तू जपून ठेवायला काढलेली नव्हती. खेड्यातल्या माणसानं यावं, चरखा कसा चालतो, घाण्यातून तेल कसं निघतं, हातकागद कसा बनतो ते पाहावं आणि घरी जाऊन करावं, हा हेतू होता. आजही त्या आवारात खादीचं काम चालतं, झाडापाल्याच्या रंगांनी कापड रंगवलं जातं. म्हणून तिथे गेलं की इतिहास वाचण्याआधी कानावर येतो.

आम्ही चरख्यांपाशी बराच वेळ थांबलो. मोठ्या चाकाचा उभा चरखा, पेटीत मावणारा येरवडा चरखा, त्यानंतरचा अंबर चरखा. आमच्यासोबत सत्तरी ओलांडलेल्या एक आजी होत्या. आजही नऊवारी लुगडं नेसतात, कासोटा घालून. त्यांनी चरख्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय वो ताई, बाई दिवसभर हे चाक फिरवे, तं तिले किती पैसे भेटत होते?"

आमच्यातल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. बीए झालेल्या आम्ही, पण हा प्रश्न कधी परीक्षेत आला नव्हता. घरी आल्यावर पुस्तकं काढली, चार जणांना विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी एक गणित करू. ते आम्ही संग्रहालयाबाहेर डबे खाता खाताच मोबाईलवर केलं होतं. समजा लुगडं नऊ वार लांब आहे, पन्हा पंचेचाळीस इंच, आणि एका इंचात चाळीस धागे. म्हणजे उभे धागे झाले १,८००. प्रत्येक धागा नऊ वार, म्हणजे १६,२०० वार सूत. आडव्या धाग्यांना साधारण तेवढंच. एका साध्या लुगड्याला बत्तीस हजार वारांच्या वर सूत लागतं. आजच्या मापात जवळजवळ तीस किलोमीटर. एवढ्या सुतानं कुहीच्या एसटी स्टँडपासून निघून नागपूरच्या वाटेवर बरंच पुढे जाता येईल.

सवयीचा हात साध्या चरख्यावर तासाला तीनशे-चारशे वार सूत काढतो. म्हणजे एका लुगड्याचं नुसतं सूत काढायला ऐंशी ते शंभराच्या वर तास. रोज आठ तास धरले तरी दहा ते तेरा दिवस. त्याआधी कापसातून सरकी काढणं, पिंजणं, पेळू करणं हे वेगळंच. विणकराचं लुगडं मात्र त्या मानानं लवकर उतरतं. म्हणून एका मागाला सूत पुरवायला कितीतरी चरखे लागत.

आणि ते चरखे कोण फिरवत होतं? बायका. घरोघरच्या, सगळ्या जातींच्या. शेतातून आल्यावर, दळण-कांडण झाल्यावर, पोर मांडीवर घेऊन.

आता आपल्या भागाचा इतिहास पाहा. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा हा सगळा पट्टा विणकरांचा. कोष्टी समाजाची लुगडी, रेशीमकाठी धोतरं, उपरणी प्रसिद्ध होती. जाडंभरडं, रोज वापरायचं कापड महार समाजातली कुटुंबंही विणत. मोहाडीकडे टसरचं कापड आणि करवती काठाची साडी. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते ना, तीच. कापूस तर घरचाच. हिंगणघाटच्या कापसाचं नाव विलायतेपर्यंत पोचलेलं.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. इंग्रजांची नजर आपल्या वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर पडली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. इथला कापूस गाडीत भरून मुंबईला आणि तिथून बोटीनं बाहेर जाऊ लागला. येताना गिरणीचं सूत आणि गिरणीचं कापड येऊ लागलं. पुढे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. गिरणी आली तेव्हा विणकर लगेच संपला नाही. तो गिरणीचं स्वस्त सूत विकत घेऊन हातमागावर विणत राहिला. त्याला त्रास झाला, भाव पडला, पण माग पुष्कळ वर्षं चालू राहिला. चरखा मात्र झपाट्यानं बंद पडला. हातमाग बंद पडला की लोक म्हणतात उद्योग बुडाला. चरखा बंद पडला तेव्हा मात्र एवढंच म्हटलं गेलं की बायका आता कातत नाहीत. लाखो बायकांच्या हातातली चार पैशांची कमाई गेली आणि ती गेल्याचा फारसा बोभाटाही झाला नाही, कारण तो उद्योग म्हणून मोजलेलाच नव्हता.

कोष्ट्यांच्या घरातही तसंच. माग चालवणारा पुरुष म्हणून विणकर तो. पण सूत उकलणं, कांड्या भरणं, ताणा करायला हात लावणं, कांजी लावून धागा सुकवणं ही कामं घरातल्या बायका आणि पोरी करत. त्यांना कुणी वेगळी मजुरी देत नसे. टसरचंही असंच. देशात टसर पिकतं त्या भागांत कोशातून धागा काढून तो उघड्या मांडीवर वळण्याचं काम बायकांनी पिढ्यान् पिढ्या केलं. कातडी सोलवटून जायची. ही पद्धत बंद व्हावी म्हणून सरकारला अगदी अलीकडे वेगळं यंत्र आणून वाटावं लागलं.

मग बंद पडलेला चरखा परत कसा आला? आपण म्हणतो गांधीजींनी आणला. गांधीजींनी स्वतः आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलंय की तो शोधून दिला एका बाईनं. त्यांचं नाव गंगाबेन मजमुदार. गांधीजी आणि गंगाबेन यांची भेट १९१७ साली भडोचला एका परिषदेत झाली. गांधीजींना चरखा हवा होता आणि तो कुठे मिळेना. गंगाबेन विधवा होत्या, हिंमतीच्या होत्या, घोड्यावरून फिरत. त्यांनी गुजरात पालथा घातला आणि बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी चरखे सापडले. कुठे होते? लोकांच्या माळ्यांवर, अडगळीत पडलेले.

तिथल्या लोकांनी काय सांगितलं ते आपल्या गटासाठी फार महत्त्वाचं आहे. आम्ही परत कातायला तयार आहोत, पण पेळू नियमित पुरवा आणि कातलेलं सूत विकत घ्या. म्हणजे कच्चा माल आणि बाजार. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी हेच दोन प्रश्न विचारले, आणि आजही प्रत्येक प्रशिक्षणानंतर आपल्या बायका हेच विचारतात. शिकवलं ते ठीक, पण माल कुठून आणायचा आणि विकायचा कुठे?

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. चळवळ वाढली. १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. १९२९ साली संघानं चांगला चरखा बनवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्या काळचे एक लाख. अटी अशा होत्या की यंत्र खेड्यातल्या साध्या घरात मावलं पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, आणि बाईला ते फार न दमता सलग आठ तास चालवता आलं पाहिजे. यंत्र बनवताना बाईचं शरीर थकतं हे अटीतच लिहिलेलं, याचं आम्हाला फार अप्रूप वाटलं. आपल्या किर्लोस्करवाडीतही त्या स्पर्धेसाठी एक यंत्र तयार झालं होतं. पण सगळ्या अटी पुऱ्या करणारं यंत्र निघालं नाही आणि ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

आणि मजुरी? खादी स्वस्त राहावी म्हणून कातणाऱ्या बाईला दिवसाला आणा-दीड आण्यासारखी अगदी थोडी मजुरी मिळे. सोळा आण्यांचा एक रुपया, त्यातला हा एक-दीड आणा. देशसेवेची खादी नेसणारा नेसत होता आणि ती स्वस्तात पडावी म्हणून कातणारी अर्धपोटी राहत होती. १९३५ साली गांधीजींनीच हा प्रश्न उचलला. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चरखा संघाच्या मंडळानं वर्ध्याला बसून ठराव केला की सध्याची मजुरी अपुरी आहे. आठ तास नीट काम करणाऱ्या कातणारीला किमान इतकं मिळावं की तिला वर्षाचं वीस वार कापड घेता येईल आणि शास्त्राप्रमाणे लागतं तेवढं किमान अन्न खाता येईल.

आठ आणे सगळीकडे एकदम मिळाले असं नाही. टप्प्याटप्प्यानं दर वाढवले गेले. खादी महागली. खप कमी होईल, गिऱ्हाईक पळेल अशी भीती कार्यकर्त्यांनाही वाटली. पण भाव ठरवताना आधी कापडाचा दर आणि उरलं तर बाईला, हा क्रम त्या ठरावानं उलटा केला. आधी बाईचं पोट, मग कापडाचा दर.

ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा याच मगनवाडीत राहत. लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचं शिक्षण घेतलेला, सुटाबुटात वावरलेला हा माणूस खादी घालून खेड्यांच्या अर्थशास्त्राला लागला. बैलघाणा सुधारण्याचं काम झवेरभाई पटेलांनी इथेच केलं. हातकागद, साबण, मधमाश्या, गूळ, प्रत्येक उद्योगाचा जमाखर्च इथे तपासला जाई. म्हणजे वर्ध्याची ही जागा जशी सूत-घाण्याची, तशीच हिशोबाचीही.

जुन्या कपड्यांबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण लुगडं पाहतो आणि म्हणतो किती छान होतं. पण ते कसं नेसायचं हे प्रत्येकीच्या हातात नव्हतं. कुणाचं लुगडं घोट्यापर्यंत यायचं आणि कुणाचं गुडघ्याच्या वर राहायचं, अंगावर कोणत्या धातूचे दागिने घालायचे, यावरून बाईची जात ओळखली जाई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांशी याच विषयावर बोलणं केलं. नेसण्याची ती पद्धत बदला, कथलाचे जड दागिने सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. बायकांनी ते तिथल्या तिथे मनावर घेतलं आणि नेसणं बदललं. पुढे नागपुरात जुलै १९४२ मध्ये सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गाच्या महिलांची मोठी परिषद भरली. नागपूरच्याच राधाबाई कांबळे गिरणीत मजुरी करता करता कामगारांच्या पुढारी झाल्या. कापडाचा इतिहास म्हणताना यांची नावंही त्यातच घ्यायला हवीत.

रंगांचीही अशीच कथा. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग निघे आणि आपल्या भागात त्याची लागवडही होई. १८६९ साली युरोपात तसाच लाल रंग रसायनातून तयार करता आला आणि काही वर्षांत आलीचे मळे संपले. मगन संग्रहालयात झाडापाल्याचे रंग पाहताना आमच्यातल्या एकीनं हळूच म्हटलं, "पळसाची फुलं तर आपल्याकडे शिमग्याला रस्त्यावर पडून राहतात." ते आम्ही वहीत टिपून ठेवलंय.

आता आपल्या गटाचा हिशोब.

आम्ही परतलो त्याच आठवड्यात नागपूरच्या एका दुकानदारानं चाळीस गोधड्यांची मागणी दिली. भाव आमचा नेहमीचा, नऊशे रुपये. सगळ्या खूश. बैठकीत सह्या घ्यायच्या तेवढ्यात त्याच आजींनी पुन्हा विचारलं, "अन् आपल्याले किती पडते वो तासाचे?"

फळ्यावर मांडलं. अस्तर, धागा, वरचं कापड, गाडीभाडं मिळून एका गोधडीला साडेतीनशे रुपये. उरले साडेपाचशे. एक गोधडी तीन जणी चार दिवस शिवतात, रोज साडेतीन तास. म्हणजे बेचाळीस तास. साडेपाचशेला बेचाळिसानं भागलं तर तासाला तेरा रुपये आणि वर थोडे पैसे. बैठकीत कुणी बोलेना. मिरचीच्या सातऱ्यावर देठ काढायला गेलो तरी किलोमागे दर आधी ठरतो. निंदणाला गेलो तर रोज ठरतो. आपल्याच गटात, आपल्याच मालाला, आपली मजुरी आम्ही कधी लिहिलीच नव्हती. घरी बसून करतो, रिकाम्या वेळात करतो, असंच म्हणत आलो. कोष्ट्यांच्या घरातल्या कांड्या भरणाऱ्या बायकाही हेच म्हणत असतील.

वाद झाला, खोटं कशाला सांगू. निम्म्या जणी म्हणाल्या भाव वाढवला तर मागणी जाईल, पोराची फी भरायची आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. शेवटी तासाला पंचवीस रुपये धरून एका गोधडीचा भाव चौदाशे ठरला. दुकानदारानं चाळीसऐवजी पंधराच घेतल्या. हे नुकसान म्हणायचं की फायदा, यावर आमच्यात अजून एकमत नाही. पंधरा गोधड्यांत प्रत्येकीच्या हाती आलेली एकूण रक्कम चाळीसपेक्षा कमीच आहे. पण तासाची मजुरी जवळजवळ दुप्पट पडली, आणि उरलेल्या वेळात दुसरं काम करता आलं. दोघी जणी रागावून एक महिना बैठकीला आल्या नाहीत. त्या आता परत येतात. रजिस्टरमध्ये मात्र एक नवा रकाना आला आहे. त्याचं नाव तास.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गटात पापड असोत, लोणचं असो, मिरची पूड असो की शिवणकाम, पुढच्या बैठकीत एकदा हा रकाना आखून पाहा. सामानाचा खर्च लिहिता तसे तास लिहा. भाव लगेच वाढवता येईलच असं नाही, पण आपण काय देतोय ते निदान कागदावर राहील. आणि घरात एखादी म्हातारी असेल तर तिला विचारा, तुमच्या वेळी कातणं, कांडणं, दळणं किती तास चालायचं आणि त्याचं काय मिळायचं. ती जे सांगेल ते लिहून ठेवा. सुताचा इतिहास अशाच घरांमधून मिळणार आहे.

आमच्या आजींनी त्यांचं एक जुनं लुगडं पेटीतून काढून गटाला दिलं आहे, गोधडीला वरचं कापड म्हणून. ते कापायला अजून कुणाचा हात धजावलेला नाही. सध्या ते बैठकीच्या खोलीत दोरीवर टाकलेलं आहे.

आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.